दोन उंबऱ्यांची रुक्माकाकी

रुक्माकाकी देवळात गेली की आधी हात जोडायची नाही, बातम्या सांगायची. लग्न होऊन मी गोव्यात इब्रामपूरला आले आणि ग्रामदेवीच्या पाया पडायला गेले, तेव्हा गाभाऱ्यासमोर एक ठेंगणी बाई कमरेवर हात ठेवून मोठ्याने बोलत उभी होती. गायीला पाडी झाली, फणस यंदा उशिरा धरले, दीक्षाचा ताप उतरला. सगळं सांगून झाल्यावर तिने नमस्कार केला आणि मागे वळून मला म्हणाली, "आता तू सांग. ती आयकता, पण एका वेळेक एकाचाच."

ती आमची शेजारीण निघाली. दोन्ही घरांच्या मधल्या दगडी गडग्याला एक खिंड होती, तिच्यातून आमचं येणं-जाणं. काकीचे यजमान सगुणकाका माडा-पोफळीच्या बागायतीत रमलेले, बोलणं मोजकं. दीक्षा ही त्यांची एकुलती एक लेक. तिला साखळी गावात दिली, तेव्हा काकीला वाटलं, बसने गेलं की भेटेल इतक्या जवळ पोर आहे. पण जावई नितेशचे आजोबा पोर्तुगीज अमदानीतले, त्या आधारावर त्याला पोर्तुगालचं नागरिकत्व मिळालं आणि दोघं लिस्बनजवळच्या एका छोट्या गावात राहायला गेली. तो हॉटेलच्या स्वयंपाकघरात, ती म्हाताऱ्यांच्या आश्रमात कामाला. पहिलं बाळंतपण आलं आणि दीक्षाने आईला बोलावलं.

काकी कोल्हापूरच्या पलीकडे कधी गेली नव्हती. काकांनी तर सांगूनच टाकलं, की तू जा, मी बागायत टाकून येणार नाही. तिने देवीला कौल लावायचं ठरवलं. मूर्तीला पाकळ्या लावतात. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. गुरवाने काकीच्या वतीने विचारलं, जाऊ का? डावी पाकळी पडली. सगुणकाकांचा चेहरा एकदम सैल झाला. गुरव आवरायला लागला, तेव्हा काकीने त्याला थांबवलं आणि दुसरा प्रश्न घालायला लावला, मग इथेच राहू का? पुन्हा डावीच पडली.

गुरव पडलेली पाकळी उचलून निरखू लागला. काकी मात्र हसायला लागली.

"माका कळला," ती म्हणाली. "पुरी जाव नको, पुरी रवाव नको."

तेव्हापासून तिचं वर्ष दोन देशांत वाटलं गेलं. काजूचा हंगाम आटोपला की आमसुलं आणि कुळथाचं पीठ बांधून ती निघायची, आणि गणेश चवथीच्या आधी परत यायची. आम्ही तिला मोपाच्या विमानतळावर सोडायला जायचो. ती नसताना तिच्या तुळशीला पाणी घालणं माझ्याकडे होतं.

तिकडे तिला भाषेची धास्ती होती. पण पहिल्याच उन्हाळ्यात एका संध्याकाळी गल्लीत तारले भाजल्याचा वास आला आणि ती वासामागे थेट शेजारच्या दारात जाऊन उभी राहिली. आल्दा नावाची म्हातारी विधवा अंगणात शेगडीवर मासे भाजत होती. तिचा मुलगा फ्रान्समध्ये, वर्षातून एकदा येणारा. काकीने बोटाने दाखवत आपले शब्द म्हणायला सुरुवात केली. पाव, मेज, खिडकीला जनेल, साबणाला साबांव. म्हातारी थक्क झाली, कारण आपण इकडे पेडण्याच्या भागात रोज बोलतो ते हे शब्द तिच्याच घरातले होते. "मी तिची भाषा बोलत होतंय, आणि माकाच म्हायत नाय," काकी आम्हाला सांगायची. त्या दोघींची मैत्री पुढे अशा पंचवीस-तीस शब्दांवर चालली, आणि फार छान चालली.

दीक्षाच्या दुसऱ्या खेपेला मात्र कसोटी लागली. डॉक्टरांनी तिला अंथरुणातून उठायचं नाही असं सांगितलं होतं. थोरली नात लहान. घर काकीच्या हातावर होतं. आणि इथे ऐन पावसात सगुणकाका विहिरीच्या पायरीवरच्या शेवाळावरून घसरले, पायाचं हाड मोडलं. साखळीला इस्पितळात त्यांना प्लास्टर घालून आणलं. त्यांनी आम्हाला बजावलं, बाळंतपण होईपर्यंत तिच्या कानावर जाता कामा नये. फोन आला की माझे यजमान त्यांना उशीला टेकवून बसवायचे, मी मोबाईल असा धरायची की फक्त चेहरा दिसावा.

दोन-तीन फोन तसे पार पडले. मग एक दिवस काकी बोलता बोलता थांबली.

"तुमची दाढी कोणी केली?"

काकांनी गालावरून हात फिरवला. तुमच्या हातची नाही ती, काकी म्हणाली, तुम्ही कानाजवळ केस ठेवता. मग सगळं सांगावंच लागलं. दाढी माझ्या यजमानांनी केली होती.

तिने त्याच दिवशी बॅग काढली. दीक्षा पडल्या पडल्या म्हणाली, आई तू जा, मी बघेन. त्याने काकी जास्तच कोसळली. पुढचे काही दिवस तिने दीक्षाच्या घरच्या देव्हाऱ्यातल्या देवीशी अवाक्षर काढलं नाही. मला फोनवर म्हणाली, की दोन्हीकडे डावा कौल दिलास, आता दोन्हीकडून मी तुटले, असं देवीला सांगायचंय, पण तोंड उघडत नाही. सगुणकाकांनी माझ्या हातून मोबाईल घेतला. त्यांना मी इतकं बोलताना आधी कधी ऐकलं नव्हतं.

"माका हंय शेजार आसा," ते म्हणाले. "आपल्या चेडवाक, दीक्षाक, थंय तूच एकटी आसस. तू हंय इलस तर माझो पाय बरो जातलो, पण माका बरा वाटाचा नाय."

दुसऱ्या दिवशी आल्दा आली. काका पडले आणि काकी जेवत नाही, हे दीक्षाने तिला सांगितलं होतं. तिने काकीचा हात धरला आणि गल्लीच्या टोकाच्या चर्चमध्ये नेलं. मेणबत्तीसाठी काडी ओढली आणि खुणेने विचारलं, त्यांचं नाव काय? काकीने जन्मात नवऱ्याचं नाव घेतलं नव्हतं. लग्नातला उखाणाही तिने हसून टाळला होता. म्हातारी जळती काडी हातात धरून थांबली होती.

"सगुण," काकी म्हणाली.

आल्दाने मेणबत्ती लावली आणि ते नाव आपल्या प्रार्थनेत घातलं. आपलंसं करून, वेडंवाकडं, पण घातलं. काकी सांगायची, परक्या देशात परक्या देवासमोर माझ्या माणसाचं नाव ऐकलं आणि छातीवरचा धोंडा उतरला. घरी येऊन ती जेवली. मग देव्हाऱ्यासमोर कमरेवर हात ठेवून उभी राहिली आणि साचलेल्या सगळ्या बातम्या एकदम सांगितल्या, मेणबत्तीचीसुद्धा. बॅग परत माळ्यावर गेली.

नातू सुखरूप झाला. काकी त्या वर्षी चवथ उलटून गेल्यावर आली. काका काठी टेकत अंगणात उभे होते. तिने त्यांच्या पायाकडे पाहिलं, आणि विहिरीकडे जाऊन नारळाच्या काथ्याने पायऱ्या घासायला बसली.

पुढच्या उन्हाळ्यात बागायत आमच्यावर सोपवून काकाही तिच्याबरोबर गेले. दीक्षाने फोटो पाठवला होता. आपल्या अंगणातल्या बाकावर आल्दा आणि सगुणकाका शेंगा सोलत बसलेत, दोघेही न बोलता, अगदी समाधानात.

परवा काकी माझ्या पडवीत बसली होती. मी तिला विचारलं, या जा-ये करण्याचा कंटाळा नाही येत? ती म्हणाली, सुरुवातीची वर्षं वाईट गेली. इथे झोपलं की तिथली स्वप्नं, तिथे झोपलं की इथली. पहाटे जाग आली की कुठल्या घरात आहोत ते कळायला आधी भिंत चाचपावी लागायची.

"आणि आता?"

"आता जंय निजतंय," ती उठता उठता म्हणाली, "थंयच जागी जातंय."