गेला घरीच असतो

आमच्या गल्लीत कुणी "गेला कुठे राहतो?" असं विचारलं, की नवखा माणूस आधी डोक्यावरची टोपी काढतो. मग त्याला कळतं, की गेला चांगला हयात आहे, कोपऱ्यावर खिम्याच्या करंज्या तळतो आणि सारणात मीठ जरा सढळ हातानं घालतो.

त्याचं खरं नाव एलिहिओ. तरुणपणी तो पिचर, म्हणजे फलंदाजाकडे चेंडू फेकणारा, होता. हिवाळी बेसबॉलच्या अंतिम सामन्यात, अगदी शेवटी, त्याचा एक चेंडू राडामेसनं असा टोलवला, की रेडिओवरचा समालोचक बेंबीच्या देठापासून ओरडला, "गेला, गेला, गेलाऽऽ!" चेंडू भिंतीपलीकडे उसात गेला. राडामेस अमेरिकेत गेला. क्रियापद तेवढं एलिहिओच्या गळ्यात राहिलं.

राडामेस आमच्याच गावचा. मैदानाच्या भिंतीवर त्याचं हातभर उंचीचं नाव आहे. यंदा उघडकीला आलं, की त्या काळात तो ताकदीची इंजेक्शनं टोचून घ्यायचा. नाव ठेवायचं की पुसायचं, हे ठरवायला रविवारी बदामाच्या झाडाखाली सगळ्यांनी जमायचं ठरलं.

"सुटलास रे बाबा!" एलिहिओची बायको मिरेया म्हणाली. "उभा राहा आणि एवढंच सांग, मला फसवलं. नाव पुसलं, की तुझंही हे भूत उतरेल."

"आणि तो फटकाच खोटा ठरला, तर मी तिथं उभा होतो हे कुणाच्या लक्षात राहणार?"

"करंज्या लक्षात राहतील."

"त्या खारट असतात, असं तूच म्हणतेस."

रविवारी तोलेंतिनो न्हावी पहिल्यांदा उठला. "त्या फटक्याला मी आनंदानं शेजारच्या मुलीला मिठी मारली. पुढं तिच्याशीच लग्न केलं. आता ती मिठी परत करू?"

"मिठी ठेव तू," पेर्सिआबाई म्हणाल्या. त्या गल्लीच्या अध्यक्षा. "पण उद्या पोरं भिंत वाचतील आणि विचारतील, बाई, ती सुई कुठं मिळते? काय सांगू?"

"ज्याच्या डोक्यावरून गेला, त्यालाच विचारा!" कुणीतरी ओरडलं.

सगळ्या माना वळल्या. मिरेयानं कोपर मारलं. एलिहिओ उभा राहिला. 'फसवलं' म्हणावं, तर गावच्या आठवणीतून बाद. 'खरा फटका' म्हणावं, तर मरेपर्यंत 'गेला'. त्यानं घाम पुसला.

"सुई होती, ते वाईटच," तो म्हणाला. "पण खरं सांगू? तो चेंडू वळायला हवा होता. वळलाच नाही. ताटात वाढल्यासारखा मधोमध गेला. माझ्या सासूनं मारला असता, तरी उसातच पडला असता."

"माझ्या आईला मध्ये आणू नकोस!" मिरेया कडाडली. पण तोवर माणसं हसून हसून एकमेकांच्या अंगावर पडत होती. पेर्सिआबाईंनी कपाळाला हात लावला. "पिचरच वकिली करतोय, तर मी कुणासाठी भांडू? राहू दे नाव."

आणि नाव राहिलं. दोघांचंही.

तोलेंतिनोनं पिशवीतून एक संत्रं काढून पुढं केलं. "गेला, दाखव ना, नेमका कसा धरला होतास?"

भोवती कडं झालं होतं. मिरेया पाठ फिरवून उभी होती. एलिहिओनं कड्यात निसटायला एखादी फट दिसते का ते पाहिलं, दिसली नाही, आणि संत्र्यावर दोन बोटं ठेवली.