चांगदेवानं पाहिलेलं स्थळ

मांडव्याजवळच्या कोळीवाड्यात कुणाच्या मुलीला स्थळ आलं, की आधी चांगदेव नाखव्याला होडीत बसवून घर बघायला धाडत. मुलगा बघायची त्याला गरजच वाटत नसे. "पोरगा घटकाभर गोड बोलंल, घराला सोंग आनता येत न्हाय," असं तो म्हणे. पायरीवर टेकून पाणी मागायचं, तांब्याचा तळ बघायचा, फाटलं जाळं नीट विणलंय की नुसती गाठ मारलीय ते बघायचं, झालं काम. एकदा मागच्या दारी साचलेल्या खवल्यांवरून त्यानं चांगलं सोन्यानं मढलेलं घर नाकारलं. वर्षाच्या आत त्या घरातली दारू चव्हाट्यावर आली आणि नाखव्याची मान आणखी ताठ झाली. त्याला गर्व नव्हता म्हणावं तर ते खोटं होईल.

सन एकोणतीसमध्ये उरणकडून त्याच्या स्वतःच्या लेकीला, नलूला, सदा नावाच्या पोराचं स्थळ आलं. चांगदेव गेला आणि बघतच राहिला. बोंबील काठ्यांवर एका ओळीत, अंगणात खवला नाही, वल्ही भिंतीशी उंचीप्रमाणे लावलेली. आणि सगळ्यात नवल म्हणजे शांतता. वाऱ्यात ओरडून ओरडून कोळ्याचा आवाज घरातही खाली येत नाही. चुलीपाशी मीठ मागितलं तरी शेजाऱ्याला ऐकू जातं. इथं पाच माणसं होती आणि कुणाचा शब्द चढत नव्हता. घरी येऊन तो बायकोला, केसरला, म्हणाला, "देवलात बसल्यावानी वाटलं गो." पोरीचं नशीब उघडलं म्हणून तो दोन दिवस हरखून होता.

पुढच्या साली नारळी पुनवेला नलू माहेरी आली नाही. शिमग्यालाही नाही. मग कुणाला न सांगता चांगदेवच तिकडे गेला.

भर दुपारी तो पायरीवर टेकला. नलूनं पाणी आणलं. तांब्या लखलखीत होता. तेवढ्यात बाहेर सदा खाकरला आणि घरातल्या बायकांचे हात जागच्या जागी थांबले. म्हातारी सासूसुद्धा उठून उभी राहिली. नलू अंगणात धावली आणि जरासं कललेलं वल्हं तिनं सरळ केलं. हात वर गेला तशा बांगड्या खाली घसरल्या. मनगटावर डागल्याच्या खुणा होत्या, जुन्या आणि नव्याही.

ती टापटीप भीतीची होती. हेच घर त्यानं तासभर निरखलं होतं आणि त्याला भीती ओळखता आली नव्हती.

सदा जेवून बंदरावर गेला, तसा चांगदेव उठला. "कापडं घे. आताच्या आता निघ."

"मी येनार न्हाय बाबा."

"त्याला मी बघतो. तू कोनाला घाबरतेस?"

"त्याला घाबरून न्हाय." नलू हळूच बोलत होती. तिचा तो खणखणीत गळा कुठं गेला होता कोण जाणे. "यंदा आपल्या धाकल्या रतनला बघायला येतील. तुज्यावानी कोनी मानूस आला आन् तुज्या पडवीत माजी वलकटी दिसली, तर तो काय म्हनंल? तूच सांग."

काय म्हणेल ते चांगदेवाला पक्कं ठाऊक होतं. नलूच्या लग्नाआधी एका घरी अशीच एक जास्तीची वळकटी बघून तो पाणी न पिता उठला होता. टाकलेली लेक घरात आहे, हे आपण कसं ओळखलं, ते त्यानं धाकट्या रतनला आणि नलूला समोर बसवून ऐटीत सांगितलं होतं. लेक काहीएक विसरली नव्हती.

तो एकटाच होडीत चढला. केसरला त्यानं सांगितलं, पोर बरी आहे.

मार्गशीर्षात दिघीकडून मुलाकडचा एक म्हातारा रतनचं घर बघायला आला. त्यानं अंगण बघितलं, पडवी बघितली. आत केसर आणि रतन कशावरून तरी मोठमोठ्यानं भांडत होत्या, ते ऐकून तो दिलखुलास हसला.

"नाखवा, इचारायचं कायच न्हाय," तो म्हणाला. "घर बघूनच कलतं, तुमची थोरली पन सुखात नांदत असंल."

"व्हय," चांगदेव म्हणाला, आणि त्यानं रतनला गूळ आणायला हाक मारली.