बिनदाण्याचं ताट

"आजी, तुझ्याकडे मला काय काय चालेल?" नातवाने फोनवर विचारलं. सहा वर्षांचं पोर. या वयात पोरांनी आजीला काय काय करशील म्हणून विचारावं, काय काय चालेल म्हणून नव्हे. मी म्हटलं, "सगळं चालेल." म्हणून बसले खरी, पण ते खरं नव्हतं.

त्याला शेंगदाणे चालत नाहीत. म्हणजे आवडत नाहीत असं नव्हे. दाण्याचा कण जरी पोटात गेला तरी त्याचे ओठ सुजतात, अंगावर गांधी उठतात, श्वास अडकतो. माझी लेक हैदराबादला असते. तिथे शेजारच्या वाढदिवसाला त्याने इडलीबरोबर चटणी खाल्ली होती. लेकीने आधी विचारलं होतं, आणि त्या घरच्या बाईने दाणे नाहीत म्हणून सांगितलं होतं. पोराला उचलून दवाखान्यात नेलं तेव्हा तीच बाई म्हणाली, थोडेसे घातले होते, पण सगळ्या पाहुण्यांसमोर कसं सांगणार. तेव्हापासून लेक कुठेही गेली की त्याचा डबा बरोबर नेते. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर, तशी गत. गेल्या उन्हाळ्यात ती सुरतेला माझ्याकडे आलीच नाही. यंदा येते म्हणाली, पण लगेच पुढे म्हणाली, "डबा मी आणीन हं आई. तू वाईट वाटून घेऊ नकोस."

मला वाईट वाटलं. फार वाटलं. माझ्या घरात माझ्याच नातवाने डब्यातलं खायचं आणि समोर बाकीच्या पोरांनी ताटलीतलं?

बाकीची पोरं म्हणजे माझ्या नणंदेची नातवंडं. ती इथेच सुरतेत कोसाडला राहते, आणि सुट्ट्या लागल्या की एका रविवारी तिचं सगळं लेंढार आमच्याकडे येतं. हा आमचा जुना रिवाज. त्या रविवारी मुलांचा नुसता धुडगूस चालतो आणि दिवसभर खाणं चालतं. मी मनाशी ठरवून टाकलं की यंदा त्या दिवशी नातवाने कुठल्याही ताटलीत हात घालावा आणि कुणी त्याचा हात धरू नये. एवढंच मला हवं होतं. पण एवढंच म्हणणं सोपं आहे.

आम्ही मूळचे अमरावतीकडचे. हे सुरतेजवळ हजीऱ्याला एका कारखान्यात नोकरीला लागले, म्हणून इथे आलो आणि इथलेच झालो. आमच्याकडे कोशिंबिरीत कूट, भाजीत कूट, उपासाला कूट, काही नसलं तर भाकरीवर दाण्याची चटणी. त्यात सुरतेची भर म्हणजे शिंगतेल. इथे शेंगदाण्याला शिंग म्हणतात आणि घरोघरी त्याचंच तेल. माझी कढई, तवा, झारा, सगळ्यांत ते इतक्या वर्षांचं मुरलेलं. घासून घासून माझी नखं गेली तरी मला त्या कढईचा भरवसा वाटेना. बाहेरचं फरसाण आणायची तर सोयच नाही. कुठल्या तेलात तळलंय हे कुणाला विचारणार, आणि त्याने सांगितलं तरी विश्वास कसा ठेवणार?

शेवटी मी म्हटलं, गॅसच पेटवायचा नाही. नाहीतरी मे महिन्यात सुरतेच्या त्या चिकट उकाड्यात गॅससमोर उभं राहणं म्हणजे शिक्षाच. सगळं कच्चं, थंड आणि रंगीत करायचं. नवी सुरी आणली, नवी विळी आणली, नवी किसणी आणली. कुटाची बरणी, दाण्यांचा डबा, शिंगतेलाचा डबा, सगळं शेजारच्या बेनकडे नेऊन ठेवलं. ओटा तीनदा पुसला. मग वाटलं की पुसायचा फडकाच जुना आहे, तर तो फेकून नव्या फडक्याने पुन्हा पुसला. हे बघत होते. म्हणाले, "अगं, पोरगं येतंय, तपासणी नाही." मी म्हटलं, "तुम्ही तुमचं बघा. आठवडाभर खारी शिंग बंद." यांना रोज मूठभर खारी शिंग लागते. सकाळी फिरून आले की सोसायटीच्या बाकावर मित्रांबरोबर बसून खातात. तोंड वाकडं केलं, पण हो म्हणाले.

नणंदेला फोन केला. तिला तर आधी हे खरंच वाटेना. "वहिनी, आमच्या टायमाले असं काही नव्हतं," ती म्हणाली. "थोडं थोडं चारलं की सवय होते पोट्ट्याले." माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी म्हटलं, "चारून बघायला तो काय वासरू आहे? हे पाहा, यंदा काही करून आणायचं नाही. रिकाम्या हाताने या."

"माहेरी रिकाम्या हातानं येऊ?"

"हो, या."

 तिला लागलं हे मला कळलं, पण माझाही इलाज नव्हता. रागावून का होईना, रिकाम्या हाताने आली म्हणजे झालं. तरी ती पोराच्या हातावर गुपचूप एखादी चिक्की ठेवेल ही धास्ती माझ्या मनातून जाईना.

शनिवारी लेक आणि नातू आले. पोर सडसडीत झालंय, दात पडलाय. आल्या आल्या त्याने माझ्या कमरेला मिठी मारली आणि लेक ओट्याकडे बघत राहिली. तिला बोलायचं नव्हतं तरी डोळे फिरतच होते. रात्री त्याने डब्यातलंच खाल्लं. 

रविवारी सकाळपासून मी लागले. काकडीचे जाड काप करून मधून थोडं कोरलं आणि त्यात कोथिंबीर घातलेला चक्का भरला. टोमॅटोच्या वाट्या केल्या. बीट किसून चक्क्यात कालवलं, तो असा गुलाबी झाला की नातू ओट्याशी येऊन उभाच राहिला. खजूर ओल्या खोबऱ्यात घोळवले. टरबुजाच्या फोडी, पनीर, हिरवी द्राक्षं आणि पुदिन्याचं एकेक पान असं टूथपिकला ओवायचं होतं. काकडीला पाणी सुटलं तेव्हा माझा उजवा हात आपोआप वरच्या फळीकडे गेला. तिथे कुटाची बरणी असते. फळी रिकामी होती म्हणून बरं.  लेक दारातच उभी होती, आणि तिने ते पाहिलं.

"आई, तू किती करतेयस हे मला दिसतंय गं," ती म्हणाली. "पण हाताला सवयी असतात."

"फळीवर काही नाहीये. बघ चढून."

"फळीचं नाही. चूक कुणाच्याही हातून होते. मला भीती वाटते ती लोक सांगत नाहीत याची. वाईट दिसेल म्हणून गप्प बसतात."

मी तोंडातल्या तोंडात पुटपुटले की मी काय लोक आहे का. पण ती बोलली ते मनात टोचत राहिलं.

एवढ्यात हे फिरून आले. मी यांना हाताखाली घेतलं, कारण टूथपिक ओवायचं काम राहिलं होतं आणि पाहुण्यांची रिक्षा केव्हाही येणार होती. हात धुतले का म्हणून विचारलं. धुतले म्हणाले. बसले, छान मन लावून ओवत होते. लाल, पांढरं, हिरवं. मी मोठ्या ताटात ते मांडत गेले. खरं सांगते, ते ताट बघून माझं मलाच कौतुक वाटलं. एकही पदार्थ विस्तवावर चढला नव्हता आणि ताट कसं भरलेलं दिसत होतं.

नणंद आली. गाल फुगवून आली, पण हात रिकामे. पोरं आत घुसली, गुजरातीत आरडाओरडा सुरू झाला, नातू त्यांच्यात मिसळून गेला. मी सगळी ताटं बैठकीत आणून ठेवली आणि लेकीकडे पाहिलं. तिने बॅगेतून डबा काढून मांडीवर घेतला होता. तिने ताटांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि डबा उचलून परत बॅगेत ठेवला. नातवाला म्हणाली, "जा, घे तुला हवं ते."

पोराचा विश्वासच बसेना. "कुठलंही?"

"कुठलंही."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मी पदराने पुसलं, आणि पुसून खाली बघते तर टरबुजाच्या एका फोडीला काहीतरी चिकटलेलं. लालसर, पातळ, नखाएवढं. बिटाचा कीस असेल म्हणून मी ते बोटावर घेतलं. बीट नव्हतं. शेंगदाणा भाजला की चोळल्यावर उडतं ना, ते टरफल होतं.

नातवाने टूथपिक उचलली होती. द्राक्ष ओठांपाशी होतं.

त्या क्षणात माझ्या मनात काय आलं ते लिहायला मला लाज वाटते, पण आलं. वाटलं, एक टरफल तर आहे, टाकून द्यावं. त्या द्राक्षाला थोडंच लागलं असेल. आत्ता बोलले तर लेक पुन्हा कधी डबा आत ठेवणार नाही. आणि नणंद जन्मभर ऐकवेल. पण हे सगळं मनात येत होतं तेवढ्यात माझा हात पुढे गेलाच. मी त्याच्या हातातली टूथपिक हिसकावून घेतली आणि ओरडले, "खाऊ नको. दाणे लागलेत याला."

 मी नणंदेकडे वळले, तोंडातून शब्द निघणारच होते. तीही समजली. "मी काही नाही आणलं वहिनी, पोराची शपथ," ती म्हणाली आणि तिचा चेहरा कसनुसा झाला.

तेव्हा हे उठून उभे राहिले. "माझं आहे ते," म्हणाले. "सकाळी बाकावर खाल्ली. मूठभर. हात धुतले, पण नुसत्या पाण्यानं. शर्टावर राहिलं असेल." आणि त्यांनी दोन्ही हात पाठीमागे नेले, शाळेत मार खाणारं पोर नेतं तसे. जित्याची खोड, म्हणून मी यांना आयुष्यात कितीदा तरी झापलंय. त्या वेळी मात्र झापावंसं वाटलं नाही.

नातू रडला नाही. तो सरळ बेसिनपाशी गेला, साबण घेतला, हात धुतले, तोंड धुतलं, ओठ पुसले, आणि येऊन आईपुढे उभा राहिला. कुणी सांगितलं नव्हतं. त्याला हे सगळं पाठ होतं. 

"आत गेलं का काही?" लेकीने विचारलं.

"नाही. नुसतं लागलं."

मग आम्ही वाट बघत बसलो. पंखा फिरत होता आणि आम्ही सगळे त्या पोराच्या ओठांकडे बघत होतो. नणंदेने आपल्या नातवंडांना दटावलं, "ठेवा रे सगळे खाली. त्यानं खाल्ल्याबिगर कोणी खायचं नाही." मग ती उठली, नातवाची हनुवटी धरून त्याला खिडकीच्या उजेडात घेऊन गेली आणि चष्मा वर करून बराच वेळ त्याचे ओठ बघत राहिली. "काही नाही," म्हणाली. थोड्या वेळाने पुन्हा बघितलं. "काही नाही, वहिनी."  तिने स्वतःच ती ताटं उचलून स्वयंपाकघरात नेली आणि डब्यांत भरली. कोसाडला घेऊन जाते, वाया कशाला घालवायचं, म्हणाली.

मी लेकीजवळ जाऊन बसले. म्हटलं, "झालं. माझ्याच्याने नाही झालं. दे त्याला डब्यातलं."

तिने बॅगेला हात लावला नाही. "आई, तू सगळ्यांसमोर सांगितलंस," ती म्हणाली.  मग नाक ओढून म्हणाली, "फ्रीजमध्ये गलेली आहेत ना? मघाशी बघितली. दे ना त्याला सोलून."

गलेली म्हणजे ताडगोळे. सालीसकट, पिशवीत जशीच्या तशी ठेवलेली, कुणाचा हात न लागलेली. मी कोपरापर्यंत हात धुतले. ताडगोळे धुतले. एका नव्या वाटीत एकेक सोलत गेले आणि सारखी मान वर करून लेकीकडे बघत होते, ती बघतेय ना म्हणून. ती नव्हती बघत. ती आत्याशी बोलत होती, माझ्याकडे पाठ करून.

नातवाने वाटीतला पहिला ताडगोळा तोंडात टाकला. पाणी हनुवटीवरून ओघळलं. बाकीच्या पोरांचे हातही, नणंदेने साबणाने धुऊन घेतलेले, त्याच वाटीत पडले, आणि मी सोलायची ते लगेच संपायचं.

हे दाराजवळच्या खुर्चीवर बसून होते. हात अजून पाठीमागेच. नातू वाटीतला एक ताडगोळा घेऊन त्यांच्याकडे गेला, तर हे खुर्चीतच मागे सरकले. "नको रे बाळा, लांब राहा. माझे हात खराब आहेत."

पोराने दुसऱ्या खुर्चीवर बसून पाय हलवायला सुरुवात केली. ताडगोळा तळहातावर तसाच धरलेला.

"साबणाने धुऊन या आजोबा," तो म्हणाला. "मी थांबतो. मला सवय आहे."