हातात द्या

ताडकळसच्या बाजारात चपला शिवायला बसणाऱ्या त्या माणसाचा एक नेम होता. कुणी लांबून चप्पल टाकली, की तो ती तशीच परत टाकायचा. मान वर न करता म्हणायचा, "हातात द्या." विद्यापीठाच्या नामांतराची दंगल होऊन वर्ष झालं होतं. लोक म्हणत, ह्याला लय माज आलाय. फेकणाऱ्याच्या माजाबद्दल कुणी बोलत नव्हतं.

मी गावात मास्तर होतो. शाळेच्या प्रदर्शनासाठी गावच्या पाटलांनी पिस्तूल ठेवायचं जुनं लष्करी चामडी पाकीट आणलं. अठ्ठेचाळीसच्या पोलीस ॲक्शनमध्ये वडिलांनी ते रझाकाराकडून हिसकावलं, असं ते सांगत. ते किती जुनं हे विचारायला आम्ही दोघं त्याच्याकडे गेलो. पाटलांनी पाकीट त्याच्या पुढ्यात टाकलं. त्यानं परत टाकलं. शेवटी मी उचलून हातात दिलं.

त्यानं वास घेतला, पट्टा वाकवून टाके पाहिले.

"चामडं फौजेचं हाय. पट्टा मागून लावलाय, हा टाका माझ्या बापाचा. बाप ॲक्शनच्या दोन वर्सं आधीच मेला. पाटील, तुमच्या वडलांनीच हे पट्टा लावाया आमच्या अंगणात फेकलं व्हतं. उचललं म्या. मंग हिसकावलं कुनाकून?"

पाटील पाकीट घेऊन ताडताड निघाले.

प्रदर्शनात मी चिठ्ठी लावली, 'रझाकाराकडून हिसकावलेले'. मास्तरांच्या बदल्या पाटलांच्या शब्दावर होत, आणि मला बदली नको होती. तो आला, चिठ्ठी वाचली, निघून गेला.

पुढच्या बाजारी मी चप्पल त्याच्या हातात दिली. त्यानं ती नीट शिवली आणि माझ्या पुढ्यात फेकली.