ताडपत्रीवरच्या चौघी

कापूस हलका असतो, असं ज्याला वाटतं त्याने तो ट्रालीत भरून वाऱ्याच्या तोंडावर नेऊन बघावा. मी त्या ट्रालीवर बसलेली बाई आहे. गोष्ट ऐंशीनंतरच्या वर्षांतली, पण आठवलं की अजून माझे कान तापतात.

लग्न होऊन मी रामाकोन्याला आले तेव्हा घरच्या आम्ही दोघी जावा एकाच शेतकऱ्याकडे कापूस वेचायला जायचो. गाव त्याला मालक म्हणायचं, आम्हीही म्हणायचो. त्या साली मालकाने ट्रॅक्टर घेतला आणि भलीमोठी ट्राली करून घेतली. चारही बाजूंनी लाकडी फळ्या उभ्या करून तिची उंची पुरुषभर वाढवली. आपला कापूस, भावाचा कापूस, शेजाऱ्याचा कापूस, सगळा एका खेपेत सौंसरवरून पांढुर्ण्याच्या जिनिंगला न्यायचा, असा त्याचा हिशेब.

पहिल्याच खेपेला वाऱ्याने त्याला रडवलं. कापूस पुढून भिंतीसारखा सरळ रचलेला, त्यावर नुसती टाकलेली ताडपत्री. समोरून वारा आला की ताडपत्रीच्या पोटात शिरायचा, ती फुगायची, आणि ट्रॅक्टरला कोणी मागून धरून ठेवल्यासारखं व्हायचं. इंजिन कण्हायचं, काळा धूर ओकायचं. डिझेल किती जळलं यावरून मालक ड्रायव्हरवर वसवस करत परत आला.

दुसऱ्या खेपेच्या सकाळी ट्राली भरून झाल्यावर तो आम्हा दोघी जावांकडे आणि वेचणाऱ्या टोळीतल्या आणखी दोघींकडे वळला.

"तुम्ही चौघी वर बसा. ताडपत्री उडून राहिली. समोरच्या काठावर बसाचं, दाबून धराचं."

माझी जाऊ म्हणाली, "मालक, दोर बांधा ना."

"दोर ढिला होते. तुम्ही काय ढिल्या होता? फुकटात पांढुर्णा पाहून याल."

खोटं कशाला सांगू, तेव्हा आम्हाला मजा वाटली. दिवसभर वाकून वेचण्यापेक्षा वर बसणं बरं. गावाबाहेर पडेपर्यंतच ती मजा. मग वारा लागला. पौषातला वारा, कापसाची तुसं घेऊन डोळ्यांत शिरणारा. बोटं ताडपत्रीच्या काठावर आखडून जायची. लुगड्याचा पदर तोंडाला गुंडाळला तरी दात वाजायचे. माझी कंबर दुखली म्हणून मी जरा सरळ झाले, तर मालक खालून, ट्रॅक्टरच्या मडगार्डवरून ओरडला, "अवो, लवून बस! तुलेच वारा अडून राहिला!"

म्हणजे आम्ही वाऱ्याला दाबायचं, पण वाऱ्याला अडायचं नाही. आम्हाला अंग असणं हाच त्याला तोटा होता.

अशा पाच-सहा खेपा झाल्या. घरी नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, "बसून राहाचंच काम आहे, त्यात काय?" दिराने तर मान वर करूनही पाहिलं नाही.

मग ती खेप. सौंसर मागे पडलं, संत्र्यांचे बगीचे संपले आणि रस्ता उघड्या रानातून जाऊ लागला. समोरून एक ट्रक भरधाव आला. तो बाजूने गेला तसा वाऱ्याचा धपका बसला आणि ताडपत्रीचा काठ आमच्या हातांतून निसटून वर उडाला. जाऊ अगदी कोपऱ्यावर बसली होती. तिने ताडपत्री सोडली नाही. सोडली असती तर कदाचित वर राहिली असती. ताडपत्रीने तिला उचललं आणि रस्त्याच्या कडेच्या खडीवर टाकलं.

ट्रॅक्टर थांबला. मागे कापूस उडत होता, बाभळींवर पांढरे गोळे अडकत होते. मालक उडी मारून खाली उतरला, एकदा जावेकडे पाहिलं, आणि वर बघून आम्हाला ओरडला, "पयले ताडपत्री धरा! कापूस चालला!"

उरलेल्या दोघींनी खरंच धरली. घाबरल्या होत्या बिचाऱ्या. मी फळी धरून खाली उतरले, हातांची सालटी निघाली.

"उतरली काहून तू?" मालक म्हणाला.

"उडू द्या तुमचा कापूस," मी म्हणाले. एवढंच सुचलं. आज काय काय सुचतं, त्याचा काय उपयोग!

ड्रायव्हरने सौंसरकडे जाणारी जीप थांबवली. जाऊ कण्हत नव्हती, फक्त उजवा हात डाव्या हाताने पोटाशी धरून बसली होती. कोपर मोडलं होतं. प्लास्टर निघालं तेव्हा हात अर्धाच उघडायचा, तो कायमचा. आमच्या टोळीत तिच्याइतकं भरभर कोणी वेचत नसे.

मालक घरी आला तो पिशवीभर संत्री घेऊन. "तिनं बरोबर धरलं नसन," असं दिराला म्हणाला. जाऊ आतून बाहेर आली.

"मालक, दोर आनला काय?"

तो पिशवी उंबऱ्यात ठेवून निघाला. पुढच्या खेपेला त्याने बोलावलं तेव्हा एकही बाई चढली नाही. आम्ही ठरवलं वगैरे नव्हतं. तो "चढा" म्हणाला आणि आम्ही कापूस वेचायच्या ओट्या कमरेला बांधून वावरात निघालो. त्याने गडीमाणसांना सांगितलं, तर तेही बगला खाजवत उभे राहिले.

मग आला दोर. सौंसरच्या बाजारातून जाड नायलॉनचा. ड्रायव्हरने पुढचा कापूस तुडवून खाली बसवला, झोपडीच्या छपरासारखा उतार दिला, त्यावर ताडपत्री ताणली आणि दोर आडवा-उभा आवळून फळ्यांच्या खालच्या कड्यांना बांधला. सकाळचं थोडं काम, बस्स. ट्राली अशी गेली की ड्रायव्हर परत येऊन ट्रॅक्टरवर थाप मारत सांगू लागला, "आता वारा वरून सरकून जाते, वरचा गिअर घेते पोरगी." सगळे हसले. मला त्या दिवशी जेवण गेलं नाही. एवढं सोपं होतं तर!

पुढच्या साली सौंसरच्या बस स्टँडवर मालक दोघा ट्रॅक्टरवाल्यांना हीच युक्ती सांगत उभा होता. उतार कसा द्यायचा, दोर कुठून आवळायचा, डिझेल किती वाचतं. "मीच काढली ही तरकीब," म्हणाला. आम्ही दोघी जावा मागेच होतो. मी मोठ्याने म्हणाले, "त्याच्या पयले दोराच्या जागी आमाले बसवत होते. सांगा ना तेबी."

ते दोघे जावेच्या वाकड्या हाताकडे बघू लागले. मालक म्हणाला, "बायांचं काय ऐकता," आणि चहावाल्याकडे वळला.

बसमध्ये चढताना जावेला दांडी धरता येईना, मी मागून रेटलं. बसल्यावर तीच माझ्यावर उखडली. "कायले बोलली? उद्या काम नाई देनार तो."

"नाई दिलं तर नाई दिलं."

"तुले दोन हात आहेत," ती म्हणाली.

त्याने खरंच काम दिलं नाही. आम्ही दुसऱ्याच्या संत्र्याच्या बगीच्यात गेलो. ती खाली बसून डाव्या हाताने फळं निवडायची, मी तोडायचे. बरेच दिवस आम्ही एकमेकींशी धड बोललो नाही.