ग्रीस आणि रजनीवहिनी

आलापल्लीला मी शिकवते त्या शाळेची मधली सुट्टी झाली होती, तेव्हा दादाचा फोन आला. "मिल बंद केली," एवढंच तो बोलला. धानाच्या ऐन हंगामात वडशातली आमची राइस मिल बंद... मी समजले. महिनोन्‌महिने आजाराशी झगडणारी रजनीवहिनी गेली होती.

वहिनी चंद्रपूरची, मेकॅनिकलचा डिप्लोमा केलेली. लग्नाआधी एका कारखान्यात यंत्रांची देखभाल बघायची. सासरी आली ती कंपनं मोजायचं छोटं यंत्र सोबत घेऊनच. मिलवाल्याच्या घरात तिचा भात हमखास चिकट व्हायचा, आणि त्याचं तिला काडीचंही वाईट वाटत नसे.

एका हंगामात ब्लोअर, म्हणजे कोंडा बाहेर फेकणारा मोठा पंखा, थरथरायला लागला. मिस्त्री रोज बेअरिंगमध्ये ग्रीस ठासायचा आणि बेअरिंग आणखीच तापायचं. वहिनी म्हणाली, ग्रीस कमी नाही, जास्त झालंय. बेअरिंगमधल्या गोळ्यांना त्यातून वाट काढत फिरावं लागतं, ग्रीस घुसळून तापतं, पातळ होतं, मग लोखंडावर लोखंड घासतं. तिनं जुनं काढून नवं बेतानं भरलं. ब्लोअर शांत झाला. त्या आनंदात तिनं सगळ्यांना चहा पाजला.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिनं ब्लोअरला पुन्हा आपलं छोटं यंत्र लावलं, तर कंपनं परत चढलेली. ती तशीच दादाकडे गेली.

"मिल बंद करा."

"कालच तं ठीक झाला म्हणाली ना तू? बाहेर धानाचे ट्रॅक्टर उभे आहेत!"

"काल मी चुकली. नव्या ग्रीसनं आवाज दबला होता, दुखणं आतच आहे."

"संध्याकाळपर्यंत तरी चालू दे."

"बाया त्याच्याच बाजूले बसून तांदूळ निवडून राह्यल्या. एक मिनिट नाई."

आणि तिनं स्वतः मेन स्विच खाली ओढला. मिलमध्ये एकदम शांतता पसरली... बाहेर कुणी तरी म्हणालं, मिल बाईच्या हाती गेली. वहिनीनं ऐकलं, आणि पाना शोधायला लागली. दादा तोंड फिरवून उभा होता. बेअरिंग उघडलं, तर आतल्या कड्याला खड्डे पडलेले आणि गोळ्या धरून ठेवणारी पितळेची जाळी तडकलेली. थोडा वेळ आणखी चालला असता, तर पंखा निखळून थेट त्या बायांवर आला असता. दादानं ती जाळी हातात घेतली, उलटीपालटी करून पाहिली आणि बाहेर ट्रॅक्टरवाल्यांसमोर जाऊन उभा राहिला.

"मिल माह्या बायकोनं बंद केली," तो मोठ्यानं म्हणाला. "बरं केलं."

मागच्या आठवड्यात वडशाला गेले. मिल सुरू आहे. कोपऱ्यात वहिनीच्या कामाच्या टेबलावर धुऊन घडी घातलेल्या चिंध्यांचा गठ्ठा होता. ग्रीस भरण्याआधी बेअरिंगचं तोंड पुसलं नाही तर धूळ आत जाते, म्हणून ती आपल्या जुन्या सुती साड्या फाडून ठेवायची. त्यातला एक निळा तुकडा मी ओळखला. माझ्या लग्नात वहिनी नेसली होती ती साडी. आठवण म्हणून मी तो पर्समध्ये ठेवायला लागले.

"नेऊ नको," दादा म्हणाला. "कामाचा आहे तो."

माझ्या हातातून तुकडा घेऊन तो ब्लोअरपाशी वाकला. ग्रीस भरायचं तोंड त्यानं नीट पुसलं, थोडं ग्रीस दिलं आणि हात आखडता घेतला.