नीलम्मा अक्काच्या आस्टरच्या रांगा

दोन घरांमधली भिंत छातीएवढीच असली की किस्से आपोआप साठतात. माझ्याकडं तर नीलम्मा अक्काच्या एकट्या आस्टरच्या वाफ्याचेच किती! डोकवायची खोड मला आहेच. नाही कशाला म्हणू?

*

पोलीस ॲक्शननंतरच्या पावसाळ्यात अक्काचे यजमान शिवअण्णा कचेरीच्या कामाला हैदराबादला गेले. येताना साडी आणतील, असा गल्लीचा अंदाज. आणली ओल्या गोणपाटात गुंडाळलेली मुळं!

"माळी म्हणला, जांभळं अन् पांढरं घ्या. दरसाल मुळातून फुटतंय, दसऱ्याला हमखास फूल!"

अक्का म्हणाली, "मग दसऱ्याला हेच नेसू व्हय?"

*

अण्णांनी दोरी धरून दोन रांगा लावल्या. एक जांभळी, एक पांढरी. पुढच्या आषाढात बघते तर अक्का हिरवेगार शेंडे खुडायलेली!

"अक्का, येड लागलं का? कामून खुडायलीस?"

"फांद्या फुटाव्यात म्हणून. गप बस."

मी गल्लीभर सांगून आले, अक्काचं डोकं फिरलं. नवरात्रात झुडपं फुलांनी वाकली! सगळ्या बाया रोपं मागायला आल्या. अक्का म्हणाली, "येडी म्हणलेल्यांनी मागं उभारा!"

मी सगळ्यांत मागं.

*

त्याच दिवाळीनंतर अण्णा गेले. अक्का लेकीकडं उदगीरला निघाली. जाताना एवढंच म्हणाली, "कमळे, वाफ्याला पाणी घाल. ह्यांच्या हातचं तेवढंच राह्यलंय."

फुलं सरल्यावर आस्टर जमिनीपर्यंत वाळतं, हे मला कुठं ठाऊक! वाटलं, मेलं. अक्काला बघवणार न्हाई म्हणून सगळं उपटून उकिरड्यावर टाकलं.

काही दिवसांनी उकिरड्यावर हिरवे कोंब! धावत गेले. होती नव्हती तेवढी मुळं वाफ्यात परत लावली. जांभळं कोणतं, पांढरं कोणतं, पानांवरून काय कळतंय!

*

दसऱ्याला सगळी फुलली. जांभळ्यात पांढरं, पांढऱ्यात जांभळं, नुसता काला! उदगीरहून परतलेली अक्का आधी वाफ्याकडं बघत राहिली, मग भिंतीकडं. मी भिंतीआड खाली बसले.

टपकन डोक्यावर काहीतरी पडलं. पहिलं फूल!

"माळ केसात," पलीकडून अक्का म्हणाली.

*

परवा उदगीरच्या विहीणबाई मुळं न्यायला आल्या. मी भिंतीशीच होते. त्यांनी विचारलं, "रंग असे मिसळून कामून लावलेत?"

अक्कानं दोन्ही रंगांची मुळं एकाच फडक्यात बांधली.

"आमच्यात असंच लावतेत."